डिझायनर लोकांच्या टिप्स वापरून केलेलं घर: आठ महिन्यांनंतर काय टिकलं, काय बदलावं लागलं

हॉल आणि बेडरूम नव्याने करून घेतलं त्याला आता आठ महिने झाले. कामाआधी मी इंटिरियर डिझायनर लोकांचे इतके सल्ले वाचले, इतके व्हिडिओ बघितले की एक वही भरली, शिवाय आमचं काम ज्यांनी केलं त्या बाईंनीही खूप काही समजावून सांगितलं. काम झालं त्याच आठवड्यात लिहिलं असतं तर सगळंच मस्त म्हटलं असतं, म्हणून मुद्दाम थांबले. आता घर मळलंय, वापरलं गेलंय, आता सांगते.

सगळ्यात जास्त फरक पडला तो दिव्यांनी. सोफ्याने नाही, रंगानेही नाही. आधी आमच्याकडे भिंतीवर एक ट्यूबलाइट होती आणि तिच्यावरच अख्खा हॉल चालायचा. डिझायनर म्हणतात उजेड तीन थरांत हवा, एक सगळीकडे पसरणारा, एक वाचायला-शिवायला वगैरे कामापुरता, आणि एक चित्र किंवा भिंत उठून दिसावी म्हणून. मला हे दुकानातल्या डिस्प्लेपुरतं वाटायचं. पण सोफ्याच्या कोपऱ्यात उभा दिवा, टेबलावर एक छोटा लॅम्प आणि चित्रावर एक स्पॉट एवढं लावल्यावर पहिल्याच संध्याकाळी जाणवलं की आपण एकमेकांचे चेहरे नीट बघतोय. फक्त वरून उजेड आला की डोळ्यांखाली सावल्या पडतात आणि सगळेच दमलेले दिसतात, तोच उजेड बसलेल्या माणसाच्या उंचीवर आला की चेहरा मोकळा दिसतो. आठ महिन्यांत मोठा दिवा आम्ही फक्त झाडू मारताना आणि काही हरवलं तर शोधताना लावलाय.

पण बल्ब घेताना डब्यावरचे आकडे वाचा हो, इथे आम्ही दोनदा फसलो. वॅट बघून उजेड कळत नाही, लुमेन बघायचे, साधा 9 वॅटचा एलईडी साधारण 800 लुमेन देतो. केल्विन म्हणजे उजेडाचा रंग, 2700 पिवळसर उबदार, 4000 मधला, 6500 निळसर पांढरा. एकाच खोलीत 2700 आणि 6500 लावले की खोली दोन तुकड्यांत तुटल्यासारखी दिसते, आम्ही महिनाभर तशीच सहन केली. आणि तिसरा आकडा सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप, ज्याच्याकडे कोणी बघतच नाही. 100 पैकी असतो, साधे बल्ब 80 च्या आसपास असतात, पण कापडांचे रंग खरे दिसायला हवे असतील तर 90 च्या वरचा घ्या. आमच्या विटकरी उशा संध्याकाळी मळकट तपकिरी दिसायच्या, मला वाटलं कापडच वाईट निघालं. बल्ब बदलला आणि लाल परत आला. डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायचा स्विच, लावणार असाल तर बल्बही डिमेबल असायला लागतो, नाहीतर फडफडतो, आमचा फडफडला.

आता दिव्यांचीच दुसरी बाजू. हा मंद उबदार उजेड मला आवडतो पण बाबांना त्यात पेपर वाचता येईना. ते काही बोलले नाहीत, नुसते पेपर घेऊन खिडकीत जाऊन बसायचे, आणि मला ते कळायला तीन आठवडे लागले याचं फार वाईट वाटलं. वय झालं की डोळ्यातलं भिंग पिवळट होतं, बाहुली पूर्वीएवढी मोठी होत नाही, त्यामुळे आपल्याला पुरेसा वाटणारा उजेड त्यांना कमी पडतो. मग त्यांच्या खुर्चीमागे मान वळणारा वेगळा दिवा लावला, 4000 केल्विनचा, खांद्यावरून थेट पानावर पडेल असा. आणि ते सगळं एकाच बेज रंगात ठेवायचं जे चालू आहे ना, सोफा बेज, गालिचा बेज, फरशीही तशीच, त्यात त्यांना सोफ्याची कडा कळत नव्हती, बसताना आधी हाताने चाचपायचे. गडद गालिचा आणला तेव्हा ते थांबलं. घरात वयस्कर माणूस असेल तर हे आधी बघा, फोटो नंतर.

रंगाच्या बाबतीत एकच टिप सोन्यासारखी निघाली, शेडकार्डवरून रंग ठरवायचा नाही. मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारायचे आणि तो पुठ्ठा प्रत्येक भिंतीवर, सकाळी दुपारी रात्री, दोन-तीन दिवस फिरवायचा. चिमुकल्या चौकोनात सौम्य दिसणारा रंग चार भिंतींवर गेला की जास्त गडद वाटतो, कारण भिंती एकमेकींवर तोच रंग टाकत राहतात. आम्ही निवडलेला राखाडी हिरवा सकाळी सुंदर आणि रात्री शेवाळल्यासारखा दिसत होता, पुठ्ठ्यानेच वाचवलं. साठ-तीस-दहाचा नियम, म्हणजे मुख्य रंग साठ टक्के, दुसरा तीस, उठावाचा दहा, सुरुवातीला आधाराला बरा आहे, पण मोजत बसू नका.

मॅट, म्हणजे बिनचकाकीच्या पेंटबद्दल मात्र नाराज आहे. दिसतो फार छान, भिंतीचे उंचसखल लपवतो हे खरं, पण स्विचबोर्डच्या भोवती हातांचे डाग पडले आणि पुसले तर तिथेच चकाकणारे पट्टे उमटले. पॅसेज परत सॅटिनमध्ये, म्हणजे हलकी चकाकी असलेल्या पेंटमध्ये करून घेतला. हॉलची वरची भिंत मॅट ठेवली, तिथे कोणाचा हात लागत नाही.

उघडी शेल्फं चार महिने टिकली. धूळ पुसून पुसून आई कंटाळली, शेवटी दोनच ठेवली आणि बाकीच्यांना दारं लावली.

मापांच्या टिप्स बहुतेक सगळ्या खऱ्या निघाल्या. सोफा घेण्याआधी त्याचा आकार जमिनीवर मास्किंग टेपने आखून आठवडाभर त्याच्या बाजूने चाललो, आणि मनातला तीन सीटर तिथेच रद्द झाला कारण मागे 90 सेंटिमीटर वाट उरत नव्हती. सोफा आणि टीपॉयमध्ये 40-45 सेंटिमीटर, गालिचा एवढा की सोफ्याचे पुढचे पाय त्यावर यावेत, चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 145 वर. पडद्याची दांडी खिडकीच्या दोन्ही बाजूंना वीतभर जास्त घेतली, पडदे उघडल्यावर काच पूर्ण मोकळी राहते, आणि कापड दांडीच्या दुप्पट, त्याहून कमी घेतलं तर पडदा चादर टांगल्यासारखा दिसतो, बेडरूममध्ये आमचा तसाच झालाय आणि अजून बदललेला नाही.

आता पॅसेजचं बघतेय, बाबा रात्री उठतात तेव्हा वरचा दिवा डोळ्यांवर येतो म्हणून लावतच नाहीत, अंधारात भिंत धरून चालतात. जमिनीपासून फूटभर उंचीवर सेन्सरचे दोन छोटे उबदार दिवे लावायचे ठरवलंय, एक त्यांच्या दाराशी आणि एक बाथरूमच्या वळणावर.