पॅडमधले अंतर पुरत नाही तेव्हा: स्लॉट कापावा की कोटिंग करावे?

उच्च व्होल्टेजच्या पीसीबीवर (छापील सर्किट बोर्डवर) दोन ट्रॅक, म्हणजे तांब्याच्या वाटा, एकमेकांपासून लांब नेता येत असतील, तर हा प्रश्नच उद्भवत नाही. जागा आहे तोवर अंतर वाढवावे आणि पुढच्या कामाला लागावे. बोर्डला आरपार फट, म्हणजे स्लॉट, कापायचा की वरून संरक्षक थर, म्हणजे कोटिंग, चढवायचे, ही निवड करावी लागते ती जागा संपल्यावर. माझ्यावर ती वेळ आली तेव्हा ४०० व्होल्टची डीसी बस आणि त्याच बसचे व्होल्टेज मोजणारा नोड (सर्किटमधला जोडबिंदू) यांच्या पॅडमध्ये, म्हणजे सुटे भाग सोल्डर करायच्या तांब्याच्या जागांमध्ये, जेमतेम २.६ मिमी उरले होते.

आयईसी ६०६६४-१ हे इन्सुलेशनचे मानक पाहिले, तर साधे एफआर-४ (काचतंतू-इपॉक्सीचा नेहमीचा बोर्ड) ज्यात मोडते त्या पदार्थ-गट III च्या सर्वसाधारण रकान्यात, प्रदूषण श्रेणी २ (कोरडी धूळ, क्वचित ओलावा) धरून, ४०० व्होल्टला ४ मिमी क्रीपेज, म्हणजे पृष्ठभागावरून मोजलेले अंतर, लागते. आयपीसी-२२२१ या पीसीबी डिझाइनच्या मानकाचा तक्ता मात्र ३०१ ते ५०० व्होल्टच्या पट्ट्यात बाहेरच्या उघड्या ट्रॅकसाठी २.५ मिमी आणि कोटिंगखालच्या ट्रॅकसाठी ०.८ मिमी एवढ्यावर भागवतो. (मेन्स आणि वापरणाऱ्याचा हात यांच्यातल्या अंतरासाठी हा दुसरा तक्ता मी उघडतही नाही.) तो ०.८ चा आकडा पाहिल्यावर कोटिंगचा मोह न होणे कठीण, आणि मलाही तो झाला. लेआउटला हात लावावा लागत नाही, ट्रॅक आहेत तिथेच राहतात, फॅबला (बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याला) काही कळवावे लागत नाही. ब्रश किंवा स्प्रे फिरवला की काम झाले, असे वाटते.

काही महिन्यांनी एक बोर्ड परत आला. दमट सकाळी बसचे व्होल्टेज प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसायचे आणि बोर्ड तापला की दुपारपर्यंत आकडा आपोआप जागेवर यायचा. अतिनील दिव्याखाली कोटिंग सगळीकडे छान निळे चमकत होते, त्यामुळे माझा संशय बराच काळ रोधांवरच राहिला. शेवटी मोजण्यासाठी पॅडवरचे कोटिंग खरवडले, तेव्हा त्याखाली पांढुरका चिकट थर सापडला. तो ‘धुण्याची गरज नसलेल्या’ फ्लक्सचा (सोल्डरिंगला मदत करणाऱ्या रसायनाचा) अवशेष होता आणि आम्ही तो ओलाव्यासकट आत बंद करून ठेवला होता. आयईसी ६०६६४-३ कोटिंगला जी सवलत देते, ती नीट चिकटलेल्या आणि चाचण्यांत उतरलेल्या कोटिंगला देते, हे मी वाचलेले होते. पण माझ्या टेबलावरचे कोटिंग तसे आहे की नाही, हे नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नव्हते.

तरीही माझा निर्णय झाला तो त्या बिघाडामुळे नव्हे, तर दुरुस्तीच्या कटकटीमुळे. प्रत्येक मोजमापासाठी प्रोबच्या टोकाने कोटिंग फोडायचे, रोध बदलायचा तर सोल्डरिंगच्या उष्णतेने करपलेल्या कडा साफ करायच्या, मग जागा धुऊन, वाळवून पुन्हा ठिगळ लावायचे. आणि जुन्या-नव्या कोटिंगच्या सांध्यावर, म्हणजे नेमके दोन पॅडच्या मध्ये, पुन्हा ओलावा शिरणार नाही याची खात्री कोण देणार? तो बोर्ड माझ्याकडे दुसऱ्यांदा आला तो त्याच सांध्यामुळे.

पुढच्या आवृत्तीत मी त्या दोन पॅडच्या मधोमध १ मिमी रुंदीचा स्लॉट टाकला. प्रदूषण श्रेणी २ मध्ये यापेक्षा अरुंद फट सहसा हिशेबात धरली जात नाही. अशा स्लॉटमुळे पृष्ठभागावरून जाणाऱ्या गळतीला टोकाला वळसा घालावा लागतो, म्हणून स्लॉटची लांबी पॅडइतकीच ठेवली तर फारसे काही साधत नाही. मी तो पॅडच्या दोन्ही टोकांपुढे १.५ मिमी नेला, तेव्हा कुठे २.६ चा मार्ग ४ मिमीच्या किंचित वर गेला. हे अंतर पट्टीने मोजता येते आणि कधीही डोळ्यांनी तपासता येते. मला त्यात जे समाधान आहे, ते कोटिंगच्या कोणत्याही डब्यात मिळालेले नाही.

स्लॉट निर्दोष आहे असे नाही. त्याने हवेतले सरळ अंतर, म्हणजे क्लिअरन्स, वाढत नाही. ते आधीच पुरेसे असावे लागते, आणि २००० मीटरच्या वर ते आणखी वाढवावे लागते. ग्राउंड प्लेन (ग्राउंडला जोडलेला तांब्याचा अखंड थर) चिरला जातो, जड ट्रान्सफॉर्मरजवळ बोर्ड कमकुवत होतो, आणि स्लॉट चुकीच्या लेअरवर काढला तर फॅब तो निमूटपणे गाळून टाकते. मला हे अख्खी खेप हातात आल्यावर कळले. टीओ-२२० या ट्रान्झिस्टरच्या नेहमीच्या पॅकेजच्या २.५४ मिमी अंतरावरच्या पिनांमध्ये तर स्लॉटला जागाच नसते; तिथे मधली पिन वाकवणे किंवा ५.४५ मिमी अंतराच्या टीओ-२४७ कडे वळणे मला कोटिंगपेक्षा बरे वाटते. बोर्डवर प्रत्यक्ष दव साचत असेल, तर मात्र कोटिंगला पर्याय नाही, आणि तेव्हा मी बोर्ड आधी धुऊन, भट्टीत वाळवून मगच कोटिंग करतो, पण स्लॉट तरीही तसाच ठेवतो.

आपले बोर्ड दुरुस्तीसाठी कधीच परत येणार नसतील, तर आपला कौल कदाचित वेगळा पडेल. माझे येतात, म्हणून हल्ली लेआउटमध्ये पहिला ट्रॅक ओढण्याआधीच मी स्लॉट मांडून घेतो.