ऑनलाइन पैसे कशावर घ्यायचे? खातं गोठलं तर काय होतं, ते बघून केलेली तुलना

घरगुती फराळ, शिकवण्या, होमस्टे, परदेशी ग्राहकांचं घरबसल्या काम, यातलं काहीही सुरू केलं की ऑनलाइन पैसे कशावर घ्यायचे हे ठरवावं लागतं. बहुतेक जण कमिशन आणि कॅशबॅक बघतात. छोट्या धंद्यांचे हिशेब लिहिताना मी जे बघते, त्यावरून सांगते, आधी दुसरंच विचारा. उद्या पैसे अडकले तर ते कोणी अडवले हे कळेल का? आणि दाद मागायला कुठे जाता येईल?

सगळ्यात सोपी वाट म्हणजे आपल्या बचत खात्याचा यूपीआय क्यूआर. कमिशन नाही, पैसे लगेच खात्यात. पण किराणा, मुलांची फी आणि घराचा हप्ताही त्याच खात्यातून जात असेल, तर मला सगळ्यात जास्त काळजी याच वाटेची वाटते. फसवणूक झालेला माणूस १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करतो आणि त्याचे पैसे ज्या-ज्या खात्यांतून फिरले त्यांवर बँका होल्ड लावत जातात, म्हणजे त्यातले पैसे अडवून ठेवतात. चोराने त्या पैशांतून तुमच्याकडे चकल्यांची ऑर्डर दिली असेल, तर तुमचंही खातं त्या साखळीत येतं. तुम्ही माल दिलाय, बिल दिलंय, हे तिथे कोणालाच माहीत नसतं.

ओळखीतल्या एका ताईंचं ऐन दिवाळीच्या तोंडावर हेच झालं. वादातली रक्कम २,४०० रुपये, पण फ्रीझ अख्ख्या खात्यावर. तेलाच्या डब्याचे पैसे द्यायला गेल्या, पेमेंट होईना, तेव्हा कळलं. बँकेने परराज्यातल्या सायबर पोलीस ठाण्याचा ईमेल आणि तक्रारीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी हातात ठेवली, बस्स. कामाला आलं ते त्यांचं बिलबुक, ऑर्डरचे व्हॉट्सॲप मेसेज आणि कुरिअरची पावती. हे सगळं जोडून आम्ही बँकेला आणि तपास अधिकाऱ्याला एकच लेखी मागणी केली, की होल्ड वादातल्या रकमेपुरता ठेवा, बाकी खातं मोकळं करा. ते मान्य झालं. या मागणीला आधारही आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशाच यूपीआय प्रकरणांत, पोलिसांच्या पत्रात नमूद रकमेपुरतंच खातं गोठवावं असं सांगितलं होतं.

त्याच क्यूआरला धंद्याचं वेगळं चालू खातं जोडलं तर होल्ड लागण्याची शक्यता कमी होत नाही, पण घरखर्च तरी अडत नाही. बहुतेक चालू खात्यांत किमान शिल्लक ठेवावी लागते, व्याज मिळत नाही. तरीही माझ्या मते हा खर्च करावाच. निदान दुसरं एखादं बचत खातं तरी फक्त धंद्यासाठी ठेवा.

वॉलेटबद्दल थोडक्यात. केवळ जुजबी केवायसीवर १०,००० रुपयांपर्यंतच शिल्लक ठेवता येते, पूर्ण केवायसीनंतर दोन लाख. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, वॉलेटमधल्या शिलकीला नाही. आणि रिझर्व्ह बँकेने ३१ जानेवारी २०२४ ला पेटीएमचं वॉलेट चालवणाऱ्या पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध आणले, तेव्हा तिथे खातं असलेल्या दुकानदारांना १५ मार्चच्या आत पैसे घेण्यासाठी दुसरी बँक शोधावी लागली. शिल्लक काढता येत होती, पण नवे पैसे जमा होणार नव्हते. वॉलेट चहा-रिक्षापुरतं ठीक, गल्ला तिथे साठवू नये.

वेबसाइटवरून विक्री असेल तर पेमेंट गेटवे, म्हणजे ग्राहकाचे पैसे घेऊन आपल्याला पोचवणारी कंपनी, लागतोच. इथे कार्ड, नेटबँकिंग सगळं चालतं आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ग्राहकांचे पैसे बँकेतल्या एस्क्रो खात्यात वेगळे ठेवावे लागतात. अडवणूक होते ती सेटलमेंटला, म्हणजे ते पैसे आपल्या खात्यात येताना. नोंदणी कपड्यांची आणि विक्री औषधी तेलाची, साइटवर परताव्याचे नियम नाहीत, रोजच्या दहा ऑर्डरींवरून अचानक तीनशे, अशा कारणांनी पैसे थांबतात. दिलासा एवढाच, की यातली बरीच कारणं आपल्याला आधीच टाळता येतात. मोठी ऑर्डर येणार असेल तर आधीच कळवून ठेवा.

परदेशातून पैसे घेणाऱ्यांची तुलना पेपॅल ही ऑनलाइन पेमेंट सेवा आणि स्विफ्टने, म्हणजे परदेशी बँकेतून थेट आपल्या बँकेत येणारी रक्कम यांच्यात आहे. पेपॅल ग्राहकाला सोयीचं, पण आपल्याला महाग, आणि खात्यावर मर्यादा घातली तर त्यांच्या करारानुसार रक्कम १८० दिवसांपर्यंत अडकू शकते. कारण सांगितलं जातं ते ग्राहकाकडून येऊ शकणाऱ्या परताव्याच्या दाव्यांचं. महिन्याच्या बिलावर घर चालवणाऱ्याला सहा महिने थांबणं परवडत नाही. भारतातल्या खातेदाराची पेपॅलमधली शिल्लक आपोआप बँकेत जाते, ही जमेची बाजू. बँकेची वाट हळू, तिथेही पर्पज कोड (पैसे कशासाठी आले ते सांगणारा कोड) विचारून रक्कम रोखतात, पण इनव्हॉइस दाखवून शाखेतल्या माणसाशी बोलता येतं. नव्या ग्राहकाचं लहान काम पेपॅलवर आणि जुन्या ग्राहकाची मोठी रक्कम बँकेत, असं वाटून घ्यावं.

दाद मागण्याच्या वाटाही सारख्या नाहीत, आणि ठरवताना याचंच वजन जास्त धरा. बँकेने किंवा वॉलेट कंपनीने स्वतःहून खातं अडवलं असेल, तर आधी त्यांच्याकडे लेखी तक्रार करायची. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येतं. पण होल्ड पोलिसांच्या सांगण्यावरून लागला असेल तर लोकपाल ती तक्रार घेत नाही. १ जुलै २०२४ पासून पोलिसांनी असं खातं गोठवणं सहसा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली, जप्ती म्हणून होतं आणि पैसे सोडवायला कलम ५०३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. म्हणून पहिल्याच दिवशी बँकेकडून तीन गोष्टी लेखी घ्या: होल्ड कोणाच्या आदेशावरून, किती रकमेवर, आणि तक्रारीचा क्रमांक काय. 'वरून आलंय' एवढ्यावर काउंटर सोडू नका, अर्जाच्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या.