ड्राफ्टमध्ये आधी भोक बुजवायचं, की हाती लागेल तो सर्वोत्तम खेळाडू घ्यायचा?

एप्रिलच्या शेवटी एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, ड्राफ्ट (संघांनी पाळीपाळीनं कॉलेजचे खेळाडू निवडण्याचा सोहळा) येतो आणि आपल्या संघानं कुणाला घ्यावं यावर हमखास दोन तट पडतात. एक म्हणतो, गेल्या हंगामात जिथं मार खाल्ला ती जागा आधी भरा. दुसरा म्हणतो, आपली पाळी येईल तेव्हा जो सर्वांत वरचा शिल्लक असेल तो उचला, जागेचं मागाहून बघू. मॉक ड्राफ्ट (निवडींचा आपला अंदाज) करताना यातलं काय धरायचं हे ठरवायचं असेल, तर २०२१ सालचा सिनसिनाटी बेंगल्सचा निर्णय नीट पाहावा. इतकी समोरासमोरची तुलना क्वचितच मिळते.

बेंगल्सची पाचवी निवड होती. आदल्या नोव्हेंबरमध्ये त्यांचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) जो बरो याच्या गुडघ्याचे अस्थिबंध फाटले होते. समोर ओरेगॉन विद्यापीठाचा टॅकल (क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्या लाइनच्या टोकाचा खेळाडू) पेनी सूएल होता आणि एलएसयूचा, म्हणजे लुईझियाना स्टेट विद्यापीठाचा, रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) जमार चेस. गरजेच्या हिशोबानं उत्तर सोपं वाटत होतं: बरोला वाचवणारा सूएल. बेंगल्सनी चेस घेतला. सूएल सातव्या क्रमांकावर डेट्रॉइट लायन्सकडे गेला.

चेसनं पहिल्याच हंगामात १,४५५ यार्ड आणि १३ टचडाउन केले आणि संघ सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत, गेला. त्याच हंगामात बरो साखळी सामन्यांत ५१ वेळा सॅक झाला (चेंडू फेकण्याआधीच पाडला गेला), प्लेऑफमध्ये आणखी १९ वेळा. त्यातले ७ सॅक सुपर बोलमध्ये, जो लॉस एंजेलिस रॅम्सनी २३–२० असा जिंकला. तिकडे सूएल २०२३ आणि २०२४ मध्ये ऑल-प्रो, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, संघात आला. म्हणजे खेळाडू दोघेही अव्वल निघाले. मग खरा प्रश्न उरतो तो दुसऱ्या फेरीचा: चेस घेतल्यावर पुढच्या पाळीला लाइनमन कसा मिळणार होता आणि सूएल घेतला असता तर रिसीव्हर कसा? दोन्ही जागांवरची गुणवत्तेतली ही घसरण मोजून जिथं ती मोठी, तिथं पहिली निवड खर्च करावी. बेंगल्सनी दुसऱ्या फेरीत क्लेम्सनचा जॅक्सन कारमन घेतला. तो टिकला नाही आणि २०२२ मध्ये टेड कॅरस, ॲलेक्स कॅपा आणि लाएल कॉलिन्स असे तीन लाइनमन फ्री एजन्सीतून (करारमुक्त खेळाडूंच्या, मार्चमध्ये उघडणाऱ्या बाजारातून) आणावे लागले. पण आणता आले, हे महत्त्वाचं. चेसच्या तोडीचा रिसीव्हर मार्चच्या बाजारात सहसा येतच नाही.

इथं पगाराचं गणित कळायला हवं. आयपीएलच्या लिलावात खेळाडूची किंमत बोलीवर ठरते; एनएफएल ड्राफ्टमध्ये २०११ पासून ती निवडीच्या क्रमांकावर ठरते, खेळाडू कुठल्याही जागेवर खेळो. पाचव्या क्रमांकाचा चेस चार वर्षांना सुमारे ३ कोटी ८ लाख डॉलरला मिळाला. गार्ड (लाइनमधला टॅकलच्या आतला खेळाडू) घेतला असता तरी आकडा जवळपास तेवढाच राहिला असता. म्हणून ज्या जागा बाजारात महाग (क्वार्टरबॅक, टॅकल, क्वार्टरबॅकवर कडेनं चाल करणारा एज रशर, रिसीव्हर, रिसीव्हरला रोखणारा कॉर्नरबॅक) त्या ड्राफ्टमधून भरल्यास सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या पगारखर्चाची मर्यादा, सर्वांत जास्त वाचते. सेफ्टी (सर्वांत मागचा बचावपटू), गार्ड, रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) यांची गरज कितीही टोचत असली, तरी वरची निवड तिथं घालवताना दहादा विचार करावा.

गरज मोजायची कशी? बहुतेक चुका इथंच होतात. आक्रमण आणि बचाव मिळून बावीस जागांचा तक्ता अपुरा पडतो, कारण तिसरा रिसीव्हर आणि निकेल कॉर्नर (जादाचा कॉर्नरबॅक) आता जवळजवळ नेहमीचेच खेळाडू झाले आहेत. २४ जागा धरा. प्रत्येक नावापुढे वय, करार संपण्याचं वर्ष, गेल्या दोन हंगामांत खेळलेल्या स्नॅपची (म्हणजे डावांची) टक्केवारी आणि दुखापती लिहा. मग चालू हंगाम झाकून पुढच्या मार्चचा तक्ता पाहा. तेव्हा जी जागा रिकामी दिसेल ती खरी गरज. पहिल्या फेरीच्या खेळाडूंना पाचव्या वर्षीही ठेवून घेण्याचा पर्याय संघाकडे असतो, तो विसरू नका. एका दुखापतीनं पडलेलं भोक बहुधा तो खेळाडू परतला की भरून येतं. सॅकचा आकडाही एकट्या लाइनवर टाकू नये. चेंडू फार वेळ धरून ठेवणारा क्वार्टरबॅक चांगल्या लाइनमागेही पडतो.

गरज बरोबर ओळखूनही घात होतो, तो जागेपेक्षा साच्याला धरून बसल्यामुळे. २०१९ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सच्या एकाही वाइड रिसीव्हरला ५०० यार्ड गाठता आले नव्हते. २०२० च्या २१व्या निवडीत रिसीव्हर घेणं योग्यच होतं. त्यांना बाहेरून धावणारा वेगवान माणूस हवा होता, म्हणून जेलन रेगर घेतला. जस्टिन जेफरसनकडे स्लॉटचा, म्हणजे आतल्या बाजूला उभा राहणारा, खेळाडू म्हणून पाहिलं जात होतं. पुढच्याच निवडीत मिनेसोटा वायकिंग्जनी जेफरसनला उचललं. कम्बाइनमध्ये (ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांत) ४० यार्डांच्या धावेत जेफरसन ४.४३ आणि रेगर ४.४७ सेकंद असताना हे घडलं.

क्वार्टरबॅकची गोष्ट वेगळी. तिथं ‘आपल्याकडे आहे’ हे न घेण्याचं पुरेसं कारण नाही. ग्रीन बे पॅकर्सनी १३–३ अशा हंगामानंतर, ॲरन रॉजर्स असताना, २०२० मध्ये २६व्या क्रमांकावर जॉर्डन लव्ह घेतला. तीन वर्षं बसवला आणि २०२३ मध्ये संघ त्याच्या हाती दिला. अटलांटा फाल्कन्सनी मात्र मार्च २०२४ मध्ये कर्क कझिन्सशी चार वर्षांचा १८ कोटी डॉलरचा करार केला आणि दीडेक महिन्यात आठव्या निवडीत मायकल पेनिक्स घेतला. पेनिक्सच्या गुणवत्तेवर शंका नाही. पण त्या वर्षी पहिला बचावपटू १५व्या क्रमांकावर गेला. म्हणजे पास रश (क्वार्टरबॅकवर चाल करून जाणारा मारा) दुबळा असलेल्या फाल्कन्सना आठव्या क्रमांकावर हवा तो बचावपटू मिळत होता. २०२५ मध्ये त्यांनी दोन एज रशर घेतले आणि दुसऱ्यासाठी २०२६ ची पहिल्या फेरीतली निवड देऊन टाकली. लव्ह घेताना किंमत एकदाच मोजली होती. फाल्कन्सनी क्वार्टरबॅकच्या एकाच जागेसाठी दोनदा मोजली.

म्हणून आमचा सल्ला असा. पहिल्या पंधरा निवडींत गुणवत्ता धरा, फक्त महाग जागांपुरती. तिथून तिसऱ्या फेरीपर्यंत खेळाडू साधारण एकाच पायरीवरचे असतात, तिथं गरजेनं निवड करा. चौथ्या फेरीपासून नियमित जागा भरण्याची आशा धरू नका; ५३ जणांच्या यादीत टिकण्यासाठी स्पेशल टीम्समध्ये (चेंडूला लाथ मारण्याच्या डावांत खेळणाऱ्या तुकड्यांत) कोण धावेल ते पाहा.

आणि मागे सरकण्याचा सौदा (आपली वरची निवड देऊन खालची आणि वर आणखी निवडी घेणं) मॉकमध्ये टाकणार असाल, तर प्रत्येक निवडीची किंमत सांगणाऱ्या गुणांच्या तक्त्यावर विसंबू नका. प्रशिक्षक जिमी जॉन्सनच्या जुन्या तक्त्यात ३८वी निवड ५२० गुणांची, ४६वी ४४० ची. बेंगल्सनी २०२१ मध्ये ३८वरून ४६वर सरकताना न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडून चौथ्या फेरीच्या दोन निवडी घेतल्या, म्हणजे गुणांत तोटा नव्हता. पण मधल्या निवडींत टेव्हन जेंकिन्स ३९व्या, लिअम आयकनबर्ग ४२व्या आणि वॉकर लिटल ४५व्या क्रमांकावर गेले. तिघेही टॅकल, आणि मग कारमन. सरकण्याआधी हव्या त्या जागेचे समाधानकारक खेळाडू मोजा आणि मधल्या संघांपैकी किती जणांना तीच जागा हवी आहे ते त्यातून वजा करा. उत्तर शून्य किंवा त्याहून कमी आलं, तर सौदा करू नका.