चुंबक की वीज? हात शिकतो तेव्हा मेंदूत डोकवायचं कसं

सोलापुरात यंत्रमागावरचा नवखा कामगार तुटलेलं सूत जोडताना आधी अडखळतो. पुढे नजर दुसरीकडे असली तरी गाठ बसते. या शिकण्यात मेंदूचा वाटा कसा तपासायचा?

१९८५ साली इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये संशोधक अँथनी बार्कर यांनी दाखवलेल्या चुंबकीय पद्धतीत डोक्यावर, हात हलवणाऱ्या मेंदूच्या भागावर, कॉइल (तारेचं वेटोळं) धरून क्षणिक चुंबकीय स्पंद दिला की बोट आपसूक उडतं. स्नायूतला तो प्रतिसाद सरावाआधी आणि नंतर मोजता येतो. शिवाय मेंदूच्या एखाद्या भागाचं काम क्षणभर विस्कटून त्याची गरज किती, हेही पाहता येतं.

दुसऱ्या, विजेच्या पद्धतीत डोक्यावर ठेवलेल्या ओल्या स्पंजांमधून १-२ मिलिअँपिअर इतका सौम्य विद्युतप्रवाह सोडतात. स्वस्त, सुटसुटीत, सराव चालू असतानाही देता येणारी. पण परिणाम माणसागणिक बदलतो, आणि प्रवाह बराच पसरतो.

नेमकी जागा आणि क्षण शोधायचा असेल, तर मी चुंबकच घेईन.