फ्रेम उघडून दाखवा म्हणा

लंडनमधल्या रविवारच्या एका जुन्या बाजारात मी नव्वद पौंडांना फसलो. चित्र होतं ‘ॲलिस इन वंडरलँड’ या पुस्तकातल्या झाडावर बसून हसणाऱ्या मांजराचं. विकणाऱ्याने खालच्या कोपऱ्यातली ‘डॅल्झिएल’ ही सही दाखवली. “1865 च्या पुस्तकातलं पान,” म्हणाला. मी विरघळलो.

खरं तर तिथेच शंका यायला हवी होती. 1865 ची पहिली छपाई मनासारखी झाली नाही म्हणून चित्रकार टेनिएल नाराज झाला आणि ती मागे घेतली गेली. तिच्या आज माहीत असलेल्या प्रती पंचवीसही नाहीत. अशा पुस्तकाचं पान फाडून कोण नव्वद पौंडांना देईल? आणि सही म्हणजे काय, तर डॅल्झिएल बंधूंनी टेनिएलचं चित्र लाकडात कोरताना तीही ठोकळ्यातच कोरली. चित्राची नक्कल काल प्रिंटरवर काढली तरी सही येणारच!

घरी फ्रेम उघडली. मागची बाजू कोरी. हे लाकडी ठोकळे मुळात मजकुराच्या टाइपाबरोबर छापता यावेत असेच करत, टाइपाच्याच उंचीचे. त्यामुळे त्या पुस्तकात चित्राच्या पाठीमागे गोष्ट चालू असते. माझ्या चित्राच्या पाठीमागे, जुनं दिसावं म्हणून लावलेले चहाच्या पाण्याचे डाग होते, तेही फक्त कडेला.

मग भिंग लावलं. खऱ्या छपाईत रेघ सलग काळी असते, दाबामुळे शाई कडेला किंचित जास्त साठते, आणि बोट फिरवलं तर कधीकधी कागदाच्या पाठीवर उठावही लागतो. बॉक्सवुड या कठीण लाकडाच्या आडव्या छेदावर, जे पांढरं हवं तेवढंच कोरून काढायचं. मांजराच्या अंगावरची एकेक पांढरी फट म्हणजे कोरणाऱ्याचा हात. माझ्या मांजरात ठिपके होते. नुसते ठिपके, प्रिंटरचे असतात तसे.

पुढच्या रविवारी गेलो तर तो शांतपणे म्हणाला, “पावती बघा.” पावतीवर ‘ॲलिसचं चित्र’ एवढंच. साल नाही, ‘मूळ छपाई’ नाही. त्याने साल तोंडी सांगितलं होतं आणि मी ते लिहून मागितलं नव्हतं.

परवा त्याच बाजारात पुठ्ठे निखळलेला, 1863 सालच्या एका मासिकाचा खंड बारा पौंडांना मिळाला. आत डॅल्झिएलची कितीतरी चित्रं. एक पान उजेडात धरलं, तर खलाशाच्या दाढीतून मागच्या प्रवचनाच्या ओळी दिसत होत्या.