जाहिरातीचे ६० हजार गेले आणि पेजही गेलं

सोलापुरात आमचा चादरी-टॉवेलचा छोटा कारखाना आहे. सहा माग. माल वडिलांच्या काळापासून व्यापाऱ्यांकडेच जायचा. पण सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन असूनही तिच्या नावावर भलताच माल खपतो, तो पाहून वाटलं की आपणच थेट गिऱ्हाइकापर्यंत जावं.

दिवाळीच्या आधी एक पोरगा कारखान्यात आला. बोलायला गोड, हातात लॅपटॉप. "मालक, आता बाजारपेठ मोबाईलमध्येच हाय. महिन्याला दोनशे ऑर्डरी आणून देतो." त्याची फी महिन्याला ५ हजार, जाहिरातीचे १५ हजार वेगळे. तीन महिन्यांत ६० हजार त्याच्या यूपीआयवर गेले. लिहून काहीच घेतलं नाही, ही माझी मोठी चूक.

त्याने कारखान्यात रील काढली. आई मोरपंखी चादरीची घडी घालतेय, मागून मागाची खटखट. रील खरंच सुंदर होती, घरातले सगळे हरखून गेलो. मग दर सोमवारी व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट यायचा, रीच (म्हणजे किती जणांनी पाहिलं) १ लाख ८० हजार, फॉलोअर ९ हजार. ऑर्डरी मात्र तीन महिन्यांत अकरा, त्यातल्या सात ओळखीच्यांच्या. विचारलं की म्हणायचा, "मालक, अल्गोरिदम शिकतोय अजून." जाहिरात कुणाला दाखवायची हे यंत्रणा शिकते, तो टप्पा खोटा नाही. पण फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी मेटा, तिच्याच सांगण्यानुसार आठवड्याभरात साधारण ५० ऑर्डरी किंवा चौकशा आल्या की तो संपतो. जाहिरातीला तेवढं यश मिळत नसेल तर ती बदलायला हवी, तीन महिने शिकत बसायला नको. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही.

जानेवारीत पुतणी सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला आली. त्याच सकाळी त्याचा मेसेज होता, "ॲड जोरात चालू हाय." तिने मेटाची ॲड लायब्ररी उघडली. तिथे कुठल्याही पेजचं नाव टाकलं की त्याच्या सध्या चालू असलेल्या जाहिराती दिसतात, फुकट, लॉगिनसुद्धा लागत नाही. "काका, तुमची एकही जाहिरात चालू नाही." मग फॉलोअर बघितले. बिनफोटोची, परदेशी नावांची खाती. मराठी नाव शोधावं लागत होतं. विकत घेतलेली गर्दी होती ती.

त्याला जाहिरातीच्या पावत्या मागितल्या. मेटाला पैसे भरले की जाहिरात खात्यात पावती येतेच. तो म्हणाला, "सगळ्यांचं कॉमन खातं हाय, तुमची वेगळी निघत नाही." दुसऱ्या दिवशी त्याने नंबर ब्लॉक केला.

खरा घाव त्यानंतर बसला. पेज त्याने स्वतःच्या आयडीवरून बनवलं होतं, आमच्याकडे त्याचा ताबाच नव्हता. फेब्रुवारीत लातूरहून एका ताईंचा फोन आला. चादरींच्या जोडीचे १,४९९ रुपये भरून वीस दिवस झाले, माल नाही. पैसे आमच्या खात्यात आलेच नव्हते. पेजवर फोन नंबर आणि क्यूआर बदललेला, रील मात्र आईचीच. ताई म्हणाल्या, "त्या आजींकडे बघून भरले हो मी." आईला हे सांगताना माझी जीभ उचलेना. ताईंना आम्ही चादरी पाठवल्या, आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करायला सांगितलं. पैसे गेल्यावर हा फोन जितक्या लवकर जाईल तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त.

आम्ही सायबर पोलीस ठाण्यात अर्ज दिलाय. करार नाही म्हटल्यावर व्हॉट्सॲपच्या संभाषणाचे प्रिंट आणि यूपीआयचे व्यवहार जोडले. तुमचं काम कुणाला देणार असाल तर पेज आणि जाहिरात खातं आधी आपल्या आयडीवरून उघडा, पूर्ण ताबा स्वतःकडे ठेवा, त्याला फक्त काम करण्यापुरती परवानगी द्या. जाहिरातीचे पैसे आपल्याच कार्डवरून थेट मेटाला जाऊ देत, त्याच्या हातात फक्त फी. आणि दर आठवड्याला त्याचा स्क्रीनशॉट नको, आपल्या मोबाईलवर आपणच उघडून बघा.

पांढऱ्या केसांची, हिरव्या लुगड्यातली आजी मोरपंखी चादरीची घडी घालतेय, अशी रील दिसली आणि खाली आगाऊ पैसे मागितले असतील, तर भरू नका. पेज रिपोर्ट करा. आमचं दुसरं कुठलंही पेज सध्या नाही.