कॉम्पच्या मतदानाच्या नावाखाली माझे २,८७,४०० रुपये लुटले

६१ कॉम्प टोकन, म्हणजे कंपाउंड या क्रिप्टो कर्जसेवेत मत देण्याचा हक्क देणारं डिजिटल चलन, खरेदीची किंमत २,८७,४०० रुपये. वॉलेटमधल्या (टोकन ठेवायच्या अ‍ॅपमधल्या) एका होकाराने गेले, आणि तो होकार मतदानासाठी आहे असं मला सांगितलं होतं.

यात कंपाउंड प्रोटोकॉलचा काही दोष नाही. चोरांनी त्याचं नाव आणि लोगो उचलून हुबेहूब नकली पान उभं केलं. टेलिग्रामवर मेसेज आला: "तुमची मतं जुन्या करारात अडकली आहेत, शुक्रवारच्या आत नव्या करारात हलवा, बक्षीस मिळवा." (इथे करार म्हणजे ब्लॉकचेनवर, व्यवहारांच्या सार्वजनिक नोंदवहीवर, आपोआप चालणारा प्रोग्राम.) पुढचा पाढा तुम्हाला पाठ आहे. पण मला भोळसट समजू नका. २०२१ मध्ये कंपाउंडचा मतदानाचा करार खरोखरच बदलला होता, अल्फा जाऊन ब्राव्हो आला होता. मग 'नवा करार' या शब्दांवर संशय यावा तरी कसा?

संशय यायला हवा होता तो वॉलेटच्या खिडकीवर. तिथे लिहिलं होतं: खर्चाची परवानगी, मर्यादा अमर्याद. तीच ओळ अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. एक कॉम्प म्हणजे एक मत, आणि ते वापरायचं तर आधी डेलिगेट करावं, म्हणजे सोपवावं लागतं, स्वतःला किंवा दुसऱ्या कुणाला. त्यात टोकन जागचं हलत नाही. कुणालाही खर्चाची परवानगी द्यावी लागत नाही. मतदानाच्या नावाने कुणी 'अप्रूव्ह' मागितलं की तो चोर, तिथेच खिडकी बंद करा. बक्षिसाचंही तेच. कॉम्प नुसतं बाळगून ना व्याज मिळतं ना नफ्यात वाटा. ठराव मंजूर व्हायला किमान ४ लाख मतं लागतात, तिथे माझ्या ६१ मतांसाठी कोण कशाला पैसे मोजेल!

जुन्या परवानग्या आजच इथरस्कॅन या व्यवहार पाहायच्या संकेतस्थळावर तपासा आणि रद्द करा. त्या आपोआप संपत नाहीत.

आता पोलीस. ठाण्यात पहिला प्रश्न, "बँक कुठली?" बँक नाही म्हटल्यावर, "मग पैसे गेले कुठून?" ऑनलाइन तक्रारीतही व्यवहार क्रमांकाच्या रकान्यापाशी गाडी अडली. व्यवहाराचा हॅश, म्हणजे ब्लॉकचेनवरचा त्याचा क्रमांक, ६६ अक्षरांचा असतो. हवालदारांनी तो हाताने लिहून घेतला आणि मध्येच दोन अक्षरं गाळली. दुरुस्त करा म्हटलं तर "साहेब आल्यावर बघू." चोराने टोकन ज्या एक्स्चेंजवर (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या बाजारावर) नेले ते ब्लॉकचेनवर उघड दिसतं. एक्स्चेंज म्हणतं पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात, आधी खातं कुणाचं ते एक्स्चेंजकडून लिहून आणा. सामान्य माणसाने जायचं कुठे? वर एक अधिकारी म्हणाले, "असल्या भानगडीत पडायचंच कशाला?" नफा झाला असता तर सरकारने ३० टक्के कर घेतलाच असता ना? २०२२ पासून घेतंच आहे, आणि तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजाही करू देत नाही. मग चोरी झाल्यावर ही भानगड कशी होते?

तक्रार केल्याचं कुठे लिहिलंत की 'टोकन परत मिळवून देतो' म्हणणारे तुटून पडतात. मला एकाने १८,५०० रुपये आगाऊ मागितले. दिले नाहीत, तुम्हीही देऊ नका.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, ताटकळत राहू नका. आणि ठाण्यात जाताना हॅश, चोराच्या वॉलेटचा पत्ता, वेळ सगळं टाइप करून दोन प्रती न्या. एकीवर पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय उठू नका, आणि हॅश कुणालाही हाताने उतरवू देऊ नका.